टाचणीने भरलेली माकुलं

टाचणीला टाचणी हे नाव कुणी ठेवलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. सोफ्यांच्या खोळी शिवणारा माणूस, दिवसभर ओठांत टाचण्या धरून बोलायचा, म्हणून पडलं असेल असं बाहेरचे समजायचे. गल्लीतल्यांना खरं कारण ठाऊक होतं. हा गृहस्थ कुणाच्या घरी गेला की आधी बसायचा नाही. आधी सोफ्याच्या गादीत अंगठा रोवायचा, शिवणीवरून तळहात फिरवायचा आणि यजमानाच्या तोंडावर सांगायचा, "सैल भरलंय. कुणाकडून करून घेतलंत?" चहा यायच्या आत यजमानाचं तोंड एवढंसं. असल्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

कामाला मात्र तोड नाही. त्याने भरलेली गादी दबत नसे, कोपरे ढेपाळत नसत, शिवण कुठून सुरू झाली ते शोधून सापडत नसे. दुकान म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक लांबट खोली. पुढे मशीन, मागे छतापर्यंत फोमचे तुकडे, आणि जमिनीवर इतके दोरे की आत पाऊल टाकलं तर चपलेबरोबर एक तरी घरी यायचाच. गिऱ्हाईक "जरा लवकर होईल का?" असं विचारू लागलं की हा मान वर न करता म्हणायचा, "लवकर हवं असेल तर दुसरीकडे बघा." लोक तोंडातल्या तोंडात शिव्या घालायचे आणि तिथेच थांबायचे.

एवढ्यावर भागलं असतं तर काय पाहिजे होतं! पण तो अंगठा दुकानात ठेवून घरी येता येत नाही ना. तो घरी यायचा. पोळपाटाजवळ यायचा, पलंगाच्या चादरीवर यायचा, आणि जेवायला बसलं की ताटातही यायचा.

त्याची बायको डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायला बसायची. दिवसभर लोकांची किरकिर ऐकून घरी यायची आणि तरीही हौसेनं रांधायची. तिचा हात कशात बसला असेल तर भरलेल्या माकुलात. माकुल म्हणजे समुद्रातला तो पांढरा, पिशवीसारखा जीव, डोक्याला पायांचा झुबका. पिशवी साफ करायची, पाय बारीक चिरून कांदा-लसणात परतायचे, अर्धाकच्चा भात, मिरपूड, कोथिंबीर, लिंबू घालून ते सारण पिशवीत भरायचं, तोंड शिवायचं आणि मंद आचेवर झाकून शिजवायचं. ऐकायला सोपं आहे. ती करायची तेव्हा दिसायलाही सोपं दिसायचं, आणि घोळ तिथेच झाला.

कारण टाचणीच्या मते हा त्याचा विषय होता. भरायचं आणि शिवायचं! जन्म गेला त्यात. बायकोने ताट पुढे ठेवलं की तो माकुलावर अंगठा दाबायचा आणि म्हणायचा, "सैल भरलंय." मग सगळं चाटूनपुसून खायचा. दर वेळी. लग्नानंतरच्या पहिल्या माकुलापासून ते अगदी शेवटच्या माकुलापर्यंत या वाक्यात काडीचा फरक पडला नव्हता. त्याच्या लेखी ती तक्रारही नव्हती. तो त्याचा स्वभाव होता, आणि स्वभावाला काय करणार, असं तो स्वतःच सांगायचा. या लोकांना स्वतःचा स्वभाव म्हणजे हवामान वाटतं, दुसऱ्यांनी छत्री घेऊन फिरायचं.

एकदा मात्र तिचा भाऊ आणि भावजय जेवायला होते. तिने सकाळपासून जिवाचा आटापिटा करून माकुलं केली. भाऊ पहिला घास घेऊन डोळे मिटून बसला होता, आणि याने अंगठा दाबला. "सैल भरलंय. आमच्या दुकानातून असं गेलं असतं तर गिऱ्हाइकानं तोंडावर फेकलं असतं."

आणि हसला. एकटाच.

बायकोने हात धुतले, पुसले, दवाखान्याची पर्स घेतली, दोन साड्या पिशवीत कोंबल्या आणि भावाबरोबर त्याच्या घरी निघून गेली. भांडली नाही, रडली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. भांडणात तो तयार होता.

मग सुरू झाला खरा वनवास. पाव खा, भात खा, परत पाव खा. फोन केला तर मेहुणा उचलायचा आणि "ती झोपलीय" म्हणायचा. भर दुपारीसुद्धा झोपलेलीच! शेवटी लेकीनं निरोप आणला. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी राहायची, पण दोन्ही बाजूंची पोस्टमन तीच.

"बाबा, आई रविवारी दुपारी जेवायला येईल म्हणाली. पाहुणी म्हणून. माकुलं तुम्ही करायची, एकट्यानं. जेवून झालं की ती ठरवेल, परत यायचं की मामाकडेच राहायचं."

"म्हणजे परीक्षा घेणार माझी?"

"ते तुम्ही आणि आई बघा. मला मध्ये घेऊ नका."

टाचणीच्या डोक्यात तिडीक गेली. पण त्याच वेळी, खरं सांगायचं तर, तो मनातून खूशही झाला. भरायचं आणि शिवायचं, यात आपल्याला कोण हरवणार? असं गच्च भरून दाखवतो, म्हणावं, की बघत राहशील. बायको परत आणायची म्हणजे बायकोपेक्षा घट्ट माकुल भरायचं, असं गणित या शहाण्याने मांडलं. याच्यापुढे हात टेकले!

रविवारी सकाळी तो मासळीबाजारात गेला. त्यांच्या नेहमीच्या मासळीवालीने त्याला पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"अगं बाई! आज तुम्ही? त्या कुठायत?"

"आहेत. माकुलं द्या. चांगली जाड बघून."

"साफ करून देऊ?"

"माझं मी करीन." इथे तिने भुवया उडवल्या त्या त्याने पाहिल्या, आणि तोही राग त्याने घरापर्यंत डोक्यावर वाहून आणला.

साफ करतानाच ब्रह्मांड आठवलं. माकुल हातात धरावं तर निसटतं, दाबून धरावं तर पचकन उडतं. डोकं ओढल्यावर आतली शाईची पिशवी फुटली आणि बेसिन, फरशी, बनियन आणि भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं काळं झालं. वरचं जांभळट साल सुटता सुटेना. ते नखाने काढायचं असतं, हा कात्री घेऊन बसला. आतलं ते प्लॅस्टिकसारखं पारदर्शक पातं एकातून निघालं, दुसऱ्यात अर्धं मोडून राहिलं, ते काढायला चिमटा आणावा लागला. "हे काय काम आहे का!" तो भिंतीला म्हणाला. कांदा चिरताना डोळ्यांतून धारा लागल्या. भात अर्धाकच्चा काढायचा होता तो कच्चाच निघाला. हरकत नाही, आत शिजेल, असं त्याने ठरवलं.

भरायला बसला तेव्हा मात्र जीव जागेवर आला. हे आपलं राज्य! दुकानातून त्याने कोपरे भरायची लाकडी पट्टी आणली होती, घासूनपुसून. चमचा चमचा सारण आत घालायचं, पट्टीने ठासायचं, परत घालायचं, परत ठासायचं. माकुल फुगून टणटणीत झालं. अंगठा दाबला, आत जाईना. वा! मग बारीक सुई, पांढरा दोरा, आणि आतला टाका, बाहेरून दिसूच नये असा. चार माकुलं भरून झाल्यावर त्याने ती ओळीने ताटात मांडली आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिली. एवढी देखणी माकुलं त्या घरात कधी झाली नव्हती, अशी त्याची खात्री पटली.

तव्यावर ठेवून झाकण घातलं. थोडा वेळ चुरचुर आवाज आला. मग एक विचित्र शांतता, आणि मग फाट्! झाकण उडालं. टाचणी मागे सरकला. दुसरं फुटलं, तेल उडून हाताला चटका बसला. झाकण दाबून धरलं तर खाली तिसरं फुटलं. चौथ्याने जरा दम धरला आणि मग, गॅस बंद करता करता, तेही गेलं. तव्यात नुसता भाताचा चिखल, आणि त्यात पांढऱ्या चिंध्या.

"मरा!" तो ओरडला. कुणाला ते त्यालाही ठाऊक नसावं.

चूक दोऱ्याची, असं त्याने ठरवलं. दोरा नाजूक होता. दुसऱ्या खेपेला जाड दोरा घेतला, दुहेरी टाका घातला, गाठ मारून परत गाठ मारली. गच्च भरण्यात कसूर नाही, उलट आणखी दोन चमचे ठासले. तीन माकुलं होती, तिन्ही फुटली. पण गंमत पाहा, शिवण जागची हलली नव्हती. फाटलं होतं ते माकुल, अंगावरून, उभं. टाचणीने ती शिवण उजेडात धरली आणि त्या धुराने भरलेल्या, शाईने माखलेल्या स्वयंपाकघरात त्याला क्षणभर अभिमान वाटला. आता बोला या माणसाशी!

त्याने लेकीला फोन लावला.

"माकुलंच खराब दिलीत त्या बाईनं. सगळी फुटतायत."

"बाबा, आईला विचारा ना."

"आईला? तिनं माझी परीक्षा घ्यायची आणि मी तिलाच विचारायचं?"

"मग फुटू द्या," लेक म्हणाली, आणि तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

घड्याळ पुढे सरकत होतं. ताटात शेवटची तीन माकुलं राहिली होती. टाचणी स्टुलावर बसला. इतका वेळ राग होता, रागात बरं असतं. आता राग ओसरला तशी भीती वर आली. ती येईल, हे बघेल, एक शब्द न बोलता पर्स उचलेल. मग संध्याकाळी दिवा कोण लावणार, म्हणजे दिवा तो लावेल, त्याला हात आहेत, पण कुणासाठी?

हाताला चाळा म्हणून त्याने फुटलेली एक चिंधी उचलली. तिच्यावर त्याचा टाका होता. सकाळी याच माकुलाच्या तोंडावर त्याने बोटभर लांब शिवण घातली होती. आता ती जेमतेम अर्ध्या बोटाएवढी उरली होती. गळ्यात टेप होताच, तो कधी उतरतच नसे. त्याने शिजलेला तुकडा मापला, कच्चं माकुल मापलं आणि टेप हातात धरून तसाच बसला.

आकसतं! अर्ध्यावर येतं!

आणि मग त्याला स्वतःचाच संताप आला. ओलं कातडं कधी गच्च ताणून बसवायचं नाही, वाळताना आकसतं आणि टाके फाडून टाकतं, हे तो दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या कारागिराला पहिल्याच दिवशी सांगायचा, तेही शिव्या देऊन. आणि इथे? कातडं आकसतं आणि वर आतला कच्चा भात फुगतो! शेंबड्या पोराला कळलं असतं. "गाढव," तो म्हणाला, आणि या वेळी कुणाला ते नीट ठाऊक होतं.

तांदूळ त्याने आणखी थोडा शिजवून घेतला. मग अर्धंच भरायला बसला, तर हात ऐकेना. अर्धं भरलेलं माकुल म्हणजे कापूस काढून घेतलेली उशी, लोंबतंय, मान टाकलीय, बघवत नाही. दोनदा त्याने आणखी चमचाभर घातलं आणि दोनदा काढलं. शेवटी दुसरीकडे बघत शिवून टाकलं. आच मंद केली, झाकण ठेवलं आणि तव्यापासून लांब, दारात जाऊन उभा राहिला.

आवाज आला नाही.

झाकण काढलं तर तिन्ही माकुलं अखंड. भरदार, तुकतुकीत, कडेला सोनेरी. त्याने सवयीने अंगठा दाबला. माकुल जरासं दबलं आणि परत वर आलं.

हे त्याला ओळखीचं होतं. अगदी हेच. इतकंच दबायचं, असंच वर यायचं. इतकी वर्षं, दर वेळी, तिच्या ताटातलं. ते सैल नव्हतं. कधीच नव्हतं. टाचणीने अंगठा काढून घेतला आणि बनियनला पुसला.

ती बरोबर वेळेवर आली. हातात फक्त पर्स, साड्यांची पिशवी नाही. त्याने पहिल्यांदा तेच पाहिलं. तिने भिंतीवरची शाई पाहिली, काळं कॅलेंडर पाहिलं, कचऱ्याच्या डब्यातून वर आलेल्या चिंध्या पाहिल्या, आणि पाहुण्यांच्या खुर्चीवर जाऊन बसली. त्याने ताट ठेवलं. दोन तिला, एक स्वतःला. ती सावकाश खाऊ लागली. दोरा काढून ताटाच्या कडेला ठेवला, एक घास, पाणी, दुसरा घास. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. टाचणीचा पहिला घास हातातच राहिला. बोलेल, आता बोलेल. नाहीच बोलत. ही काय पद्धत झाली? माणसाचा जीव टांगणीला लावायचा?

"अगं, बोल ना काहीतरी!" तो खेकसलाच.

"छान झालंय," ती म्हणाली.

संपलं. एवढंच. टाचणी पुढच्या वाक्याची वाट बघत होता, पण पुढे वाक्यच नव्हतं.

"मीठ कमी पडलंय," तोच म्हणाला. "कांदा करपलाय जरा. आणि हा टाका बघ, घाईत तिरका गेलाय."

तिने हातातला घास खाली ठेवला.

"स्वतःलासुद्धा सुखानं खाऊ देत नाही हो तुम्ही," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, म्हणून त्याला ते जास्त लागलं.

टाचणीने ताटात बघत एकेक शब्द बाहेर काढला. "तुझं... सैल नव्हतं. आकसतं ते. तू बरोबर भरायचीस."

"मला ठाऊक होतं ते."

"ठाऊक होतं? मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलून काय होणार होतं? सैल-घट्टासाठी गेले नाही मी." तिने पाण्याचा घोट घेतला. "तुम्ही ताटावर बसलात की माझ्या पोटात गोळा यायचा. दर वेळी. मघाशी तुम्हाला आला ना, तसाच. तुम्हाला एका दुपारचा आला. मी तो घेऊन म्हातारी व्हायला लागले."

त्याच्या ओठांत एकही टाचणी नव्हती आणि तरी त्याला बोलता येईना.

तिने दुसरं माकुलही संपवलं, ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. "उद्या येते सामान घेऊन," आतूनच म्हणाली. "हे घर माझंही आहे, दादाकडे किती दिवस बसू? पण एक सांगते. माकुल मी आता करायची नाही. खायचं असेल तर तुम्ही करा. मी खाईन, आणि छान झालंय म्हणेन."

त्याला वाटलं, बोलते रागात, निवळेल. पाहुणे येतील, सण येईल, लेक बाळंतपणाला येईल. सगळं झालं. लेक आली, नातू झाला, मेहुणा दहादा जेवून गेला. बायको बाकी सगळं रांधायची, हसायची, दवाखान्यातल्या गमती सांगायची. माकुलं आणली की मात्र ती पिशवी त्याच्या हातात द्यायची आणि बाहेर जाऊन बसायची. आणि तो मोरीशी कुरकुरत, शाईला शिव्या देत, बोटं कापून घेत माकुलं भरायचा. ती आता फुटत नसत. पण काहीतरी राहून जायचं. लिंबू कधी पिळायची ती? लसूण आधी की कांदा? विचारलं की म्हणायची, "अंदाजानं हो."

परवा नातवाने पहिल्यांदा खाल्लं आणि म्हणाला, "आजोबा, एकदम भारी!"

"हे काहीच नाही," टाचणी म्हणाला. "तुझ्या आजीच्या हातचं खायला हवं होतंस. त्याच्यासारखं दुसरं नाही."

हे त्याने मुद्दाम मोठ्याने म्हटलं. ती बाहेर दाराशीच बसली होती, नखं कापत. तिला स्पष्ट ऐकू गेलं. त्याने वाट पाहिली. ती उठली नाही.